साल्किन आपायचे ‘देम’

किझिलोर्दात साल्किन आपायला ओळखत नाही असा माणूस मिळणे कठीण आहे. निम्म्या शहराला तिने भौतिकशास्त्र शिकवले आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नापासही केले. आपाय म्हणजे शिक्षिका. शाळा सोडून तिला सहा वर्षे झाली, तरी बाजारातल्या खरबूजवाल्यापासून जिल्ह्याच्या अधिकाऱ्यापर्यंत सगळे तिला आपायच म्हणतात. मी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, म्हणून नुसते साल्किन म्हणतो. ती मला दाउके म्हणते. माझे नाव दाउलेतबेक, पण मोठ्यांचे नाव आमच्याकडे पूर्ण घेत नाहीत.

मी इथल्या नभोवाणी केंद्राचे कार्यालय चौतीस वर्षे सांभाळतो आहे. येत्या वसंतात निवृत्त होईन. ध्वनीतले मला काही कळत नाही. पण गेल्या शरदातला तो आठवडा मी जवळून पाहिला आणि त्याच्या नोंदी माझ्याकडे तारीखवार आहेत, म्हणून लिहितो.

साल्किनचे वडील रेडिओ दुरुस्त करीत. ती अकरा वर्षांची असताना दुरुस्त झालेला एक रेडिओ पोचवायला करिमसाकच्या घरी गेली. करिमसाक कोबिझ वाजवायचा. घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या दोन तारा आणि गज, एवढेच ते वाद्य. पण त्यातून सुराबरोबर एक सळसळ येते, आणि ती सळसळ नसेल तर ते कोबिझ नव्हेच. साल्किन दारातच उभी राहिली. पुढे ती मला सांगायची, “दाउके, गज टेकवायच्या आधी तो श्वास घ्यायचा. तो श्वास कुठे संपतो आणि सूर कुठे सुरू होतो ते मला आजही सांगता येणार नाही.”

करिमसाक वारला. त्याच्या वादनाच्या एकसष्ट ध्वनिफिती मागे राहिल्या, एका पेटीत, त्याची बायको बिबिखान हिच्या पलंगाखाली. फितींवर खरखर फार. ती काढायचे प्रोग्राम बाजारात पुष्कळ आहेत, पण ते कोबिझची सळसळही कचरा समजून झाडून टाकतात. म्हणून शाळा सोडल्यावर, पंचेचाळिसाव्या वर्षी, साल्किन पुस्तके आणून प्रोग्राम लिहायला शिकली. आधी वहीत पेन्सिलीने लिहायची, मग यंत्रावर. चार वर्षे खपून तिने एक प्लगिन तयार केले. प्लगिन म्हणजे रेकॉर्डिंगच्या मोठ्या प्रोग्रामच्या आत बसून एकच काम करणारा छोटा प्रोग्राम. फितीची खरखर गज हलो न हलो, सारखीच राहते. केसांची सळसळ गजाबरोबर वाढते आणि उतरते. या एका फरकावर तिने सगळी मांडणी केली होती. नाव ठेवले ‘देम’. आमच्या भाषेत देम म्हणजे श्वास.

ते उत्तम चालत होते. मग ऑगस्टात तिचा जुना लॅपटॉप बंद पडला तो पडलाच. लिहिलेल्या प्रोग्रामची प्रत तिच्याकडे होती, पण तो यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरचा परवाना त्या लॅपटॉपलाच बांधलेला होता, तो गेला. नव्या लॅपटॉपवर तिने फुकट मिळणारा दुसरा कंपायलर घेतला. तिला वाटले, लिहिलेले तेच आहे, उतरवणारा बदलला तर काय बिघडते?

नेमक्या त्याच वेळी बिबिखानच्या मुलाने, रेल्वेतल्या सागिन्दिकने, निर्णयाचा दिवस ठरवला होता. फितींवरचा तपकिरी थर भुकटी होऊन झडत होता. एकेक फीत अजून एकदोनदा वाजली असती. राजधानीतली एक संस्था सगळ्या फिती न्यायला तयार होती. त्यांनी नमुना म्हणून साफ केलेला एक तुकडा पाठवला होता. बिबिखानने तो ऐकला आणि विचारले, “वाजवतंय कोण? याला छातीच नाही.” पण ती चौऱ्याऐंशी वर्षांची, आणि भुकटी तर रोज झडत होती. शेवटी ठरले असे: आम्ही चाचणीसाठी एक फीत आमच्या स्टुडिओच्या यंत्रात उतरवून ठेवली होती, ती साल्किनने शुक्रवारी आझेला, म्हणजे बिबिखान आजीला, देममधून ऐकवायची. पटले तर फिती इथेच राहतील. नाही तर शनिवारच्या गाडीने राजधानीला जातील आणि त्या छाती नसलेल्या आवाजातच कायमच्या राहतील.

सोमवारी देम तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवरही उघडेना. ती गडबड तिने दुपारपर्यंत शोधली. मोठा प्रोग्राम प्लगिनच्या दारावर एक ठरलेले नाव शोधतो. जुन्या कंपायलरसाठी तिने ते नाव एका वेगळ्या चिठ्ठीत लिहून दिले होते. नवा ती चिठ्ठी वाचत नव्हता आणि नावाला आपल्या पद्धतीची शेपटी लावत होता. तिने एक ओळ बदलली, शेपटी गेली, देम उघडले. मंगळवारी खात्रीसाठी ती फ्लॅश ड्राइव्ह घेऊन शहरभर फिरली. बहिणीच्या घरी उघडले, शेजाऱ्याकडे उघडले, शाळेच्या प्रयोगशाळेत उघडले, लग्नाच्या हॉलमधल्या वादकाच्या यंत्रावरही उघडले. बुधवारी ती आमच्याकडे आली तेव्हा बरोबर बाऊर्साकची, म्हणजे आनंदाच्या प्रसंगी तळतात त्या पिठाच्या गोळ्यांची, पिशवी होती, म्हणजे काम झाले असे धरूनच ती आली होती.

आमचा ध्वनितंत्रज्ञ दोसबोल तिचा जुना विद्यार्थी. त्याने देम आपल्या यंत्रात घातले आणि यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

“आपाय, नाहीये.”

“नीट बघ.”

“नीटच बघतोय.”

“चष्मा लाव.”

“लावलाय. तुम्ही मला पाचांपैकी दोन गुण देऊन नापास केलंत तेव्हा नव्हता, आता आहे.”

“ते दोन गुण चष्म्यामुळे नव्हते.”

तिच्याजवळ एक छोटा तपासनीस प्रोग्राम होता, जुन्या कंपायलरने बनवलेला. प्लगिन उघडते की नाही एवढेच तो सांगायचा. तो म्हणाला, फाइल सापडली नाही.

“सापडली नाही म्हणजे? ही काय इथे आहे,” साल्किनने पडद्यावर बोट ठेवले.

“तुमच्या घरी उघडतं, आणखी चार ठिकाणी उघडतं, इथे नाही,” दोसबोल म्हणाला. “म्हणजे दोष माझ्या यंत्राचा.”

“मी असं म्हटलं नाही.”

“म्हटलं नाहीत, बघितलंत तसं.”

दिवसभर त्यांनी फोल्डर बदलले, फाइलचे नाव बदलले, विषाणू पकडणारा प्रोग्राम थांबवून पाहिला. उत्तर तेच. चार वाजता साल्किन म्हणाली, “मी माझा लॅपटॉपच आणते. शुक्रवारी त्यावरून ऐकवू.”

दोघांनीही माझ्याकडे पाहिले. बाहेरचे यंत्र स्टुडिओत जोडायचे नाही हा नियम मी लिहिलेला आहे. तीन वर्षांपूर्वी एका पाहुण्याच्या यंत्रातून विषाणू शिरला आणि आमचे दोन महिन्यांचे कार्यक्रम पुसले गेले, त्यानंतरचा.

“दाउके, एका दिवसाचा प्रश्न आहे,” दोसबोल म्हणाला.

“एका दिवसाचा नाही. एकसष्ट फिती इथे उतरणार, इथेच साफ होणार. शुक्रवारी इथे चालत नसेल तर सोमवारी कसं चालेल? आणि आझेला आपण काय दाखवलेलं असेल?”

साल्किनने खिशातून कुर्तचा खडा काढून तोंडात टाकला. ते खारट, दगडासारखे चीज ती विचार करताना चघळते, शाळेतही चघळायची.

गुरुवारी सकाळी ती माझ्या खोलीत येऊन बसली. मी दूध घालून चहा दिला.

“दाउके, मी म्हातारी झाले बहुतेक.”

“तू म्हातारी तर मग मी काय? माझ्यासमोर असलं बोलू नकोस.”

मला जे येते तेच मी केले. कागदावर मध्ये रेघ मारली. डावीकडे, कुठे उघडले. उजवीकडे, कुठे नाही. डावीकडे पाच यंत्रे झाली, उजवीकडे एक.

“एकावरून काही सिद्ध होत नाही,” मी म्हणालो. “अजून कुठे बघता येईल?”

“तुमच्या यंत्रावर.”

“माझ्या यंत्राला मी कोणाला हात लावू देत नाही.”

“म्हणून तर.”

माझे यंत्र सीलबंद खोक्यातून आले, त्यावर आत जे होते तेवढेच आहे. मी खुर्ची सोडली. तिने तपासनीस चालवला. फाइल सापडली नाही. मला उगीचच ओशाळल्यासारखे झाले, पण ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

“घ्या, उजवीकडे दोन झाली. आता या पाचांत असं काय आहे जे या दोघांत नाही?”

“पाचही जुनी?”

“नाही. माझं तर महिन्याचं आहे.”

“बसवून कोणी दिली?” आमच्या सामानाच्या नोंदवहीत तो रकाना असतो, म्हणून मला सुचले.

“माझं गेनाने.”

“बहिणीचं?”

“गेनाने. शेजाऱ्याचंही. शाळेचंही गेनाने.”

“हॉलवाल्याचं?”

तिने चहाची वाटी खाली ठेवली. “दाउके, या शहरात गेनाने बसवलं नाही असं काय आहे?”

“माझं. तो दोनदा आला होता, मी चहा पाजून परत पाठवला, वर्षभर रुसला होता. आणि दोसबोलचं, ते वसंतात राजधानीहून आलं.”

गेना पाक हा आमच्या शहरातला कोरियन. त्याच्या आजोबांपासून ते लोक इथे भात पिकवतात. गेनाने मात्र संगणक धरला. नवे यंत्र घेतले की गेनाला बोलवायचे, तो कोटाच्या खिशातून आपली तबकडी काढणार, तासाभरात सगळे भरून देणार आणि मासा खाऊन जाणार. वीस वर्षे असेच चालले आहे. साल्किनने त्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“गेना, तुझ्या तबकडीत काय काय असतं?”

“सगळं असतं आपाय. लोकांनी मला दोनदा बोलवायला नको.”

“सगळं म्हणजे? सांग.”

“पत्रं लिहायचं, गाणी ऐकायचं, पत्त्यांचे चार खेळ. विद्यापीठातल्यांनी एकदा तो फुकटचा कंपायलर मागितला होता, तोही आहे. काढायचा राहून गेला. पण जुना ठेवत नाही हं मी, दर वर्षी ताजा भरतो.”

“म्हणजे या शहरातल्या प्रत्येक आजीच्या यंत्रावर कंपायलर आहे?”

“तक्रार कोणी केली नाही अजून.”

“मीही करत नाहीये. तू मला वाचवलंस, आणि आधी बुडवलंसही.”

“मग मासा एक की दोन?” गेनाने विचारले. तिने फोन ठेवला.

मग तिने मला समजावले, वर्गात समजावते तसे. नव्या कंपायलरने बनवलेला प्रोग्राम एकटा चालत नाही, त्याला तीन सोबती फाइली लागतात. जुन्या कंपायलरचे सोबती बहुतेक यंत्रांवर आधीच बसलेले असतात, म्हणून तो प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. नव्याचे सोबती गेनाच्या तबकडीतून शहरभर पसरले होते, म्हणून देम जिथे जाईल तिथे त्याला ते भेटत होते. दोसबोलकडे आणि माझ्याकडे भेटले नाहीत. आणि ‘सापडली नाही’ म्हणजे देम सापडले नाही असे नव्हतेच. सोबती सापडले नाहीत, असे यंत्र सांगत होते. फक्त कोण ते सांगत नव्हते.

“मग त्या तीन फाइली दोसबोलच्या यंत्रात टाकून दे,” मी म्हणालो.

“आज टाकीन. उद्या कोणी ते यंत्र साफ केलं की देम पुन्हा मेलं. त्यापेक्षा तिघांना देमच्या पोटातच बसवते.”

ती घरी गेली आणि जेवणाच्या सुट्टीनंतर परत आली. देम आकाराने फुगले होते. माझ्या यंत्रावर तपासनीस म्हणाला, उघडले. मी उभा का राहिलो ते मला सांगता येणार नाही, पण राहिलो. दोसबोल त्या दिवशी एका खेड्यात ध्वनिमुद्रणाला गेला होता, स्टुडिओला कुलूप होते. पण आम्हाला काळजी वाटली नाही.

शुक्रवारी अकराची वेळ दिली होती. बिबिखान आझे दहालाच आली. सागिन्दिकच्या हातात फितींची पेटी होती, कारण उद्याच्या गाडीचे तिकीट त्याने काढून ठेवले होते. मी त्यांना चहाला बसवले आणि स्टुडिओत आलो तर साल्किन आणि दोसबोल पडद्याकडे बघत बसलेले.

“नाही दिसत,” दोसबोल म्हणाला.

“काल माझ्याकडे उघडलं ते?”

“तेच.”

“तपासनीस काय म्हणतो?”

“तो म्हणतो उघडतं. मोठा प्रोग्राम म्हणतो असं काही नाहीच.”

भिंतीपलीकडून आझेचा खोकला ऐकू येत होता. साल्किनने कुर्तचा खडा तोंडात टाकला, चघळला, आणि म्हणाली, “दोसबोल, हा सुरू होताना प्लगिनची नावं एकेक दाखवत जातो ना? परत सुरू कर. आपल्या नावावर थांबतो का बघ.”

त्याने केले. नावे भराभर सरकली.

“आपलं नाव आलंच नाही.”

“म्हणजे उघडून बघून नाही म्हणत नाहीये. उघडतच नाहीये. बुधवारी देम एकदा तोंडघशी पडलं, तेव्हाच यानं नाव कुठेतरी लिहून ठेवलं असणार, नालायक म्हणून.”

दोसबोलने फाइली उपसल्या. दोन मिनिटांत सापडली. नापास प्लगिनची यादी, आणि तिच्यात एकच नाव. देम.

“मनात धरून बसलाय,” तो म्हणाला. “याच्यापेक्षा माझी सासू बरी, ती तोंडावर तरी बोलते. दाउके, पुसू का ही?”

“आधी प्रत काढून ठेव,” मी म्हणालो. “मग पूस.”

त्याने प्रत काढली, यादी पुसली, प्रोग्राम पुन्हा सुरू केला. नावे सरकू लागली आणि एका ठिकाणी क्षणभर थबकली. मग यादीत देम आले. त्याने दोनदा टिचकी मारल्यावर साल्किनने बनवलेली ती साधी करडी चौकट पडद्यावर उघडली, एकच बटण असलेली. दोसबोलने खुर्ची मागे ढकलली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून छताकडे पाहत राहिला. साल्किन म्हणाली, “हात खाली घे. आझेला बोलाव.”

आझेने हेडफोन घालायला नकार दिला. मोठ्या स्पीकरांसमोर खुर्ची मांडली, पेटी तिने स्वतःच्या पायाशी ठेवून घेतली. सागिन्दिक दाराशी घड्याळ बघत उभा राहिला. दोसबोलने फीत आधी आहे तशी लावली. पाऊस पडावा तशी खरखर, आत कुठेतरी करिमसाक. मग साल्किनने बटण सावकाश फिरवले. खरखर उतरत गेली, उतरत गेली आणि संपली. खोलीत कोणी नसावे तशी शांतता झाली. त्या शांततेत एका माणसाने श्वास घेतला आणि गज तारेला टेकला.

मी कोबिझ लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण केसांची ती सळसळ, सुराच्या कडेकडेने चालणारी, इतकी जवळून मी कधी ऐकली नव्हती. सागिन्दिकचा हात घड्याळावरून खाली आला.

तुकडा संपल्यावर आझे म्हणाली, “परत लाव.”

परत लावला. ती डोळे मिटून ऐकत होती. आणखी एकदा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा संपल्यावर म्हणाली, “हे थंडीतलं आहे. छातीत कफ होता त्याच्या. मी म्हटलं होतं, आज जाऊ नका वाजवायला. ऐकतोय कोण?”

दोसबोलने त्या फितीची डबी उलटून पाहिली. त्यावर निळ्या शाईत लिहिले होते, जानेवारी, चौऱ्याहत्तर. ती डबी त्याने सागिन्दिकच्या हातात दिली. सागिन्दिकने ती वाचली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली.

“त्या लोकांना फोन कर,” आझे त्याला म्हणाली. “सांग, फिती येत नाहीत.”

“घरी गेल्यावर करतो, आई.”

“आत्ता कर. माझ्यासमोर.”

तो बाहेर जाऊन फोनवर बोलू लागला. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. आझेने दोन्ही तळवे वर करून साल्किनसाठी दुआ मागितली. आम्हीही तळवे उघडले. हात तोंडावरून फिरवून झाल्यावर दोसबोल हळूच म्हणाला, “आपाय, आज तरी माझ्या दोनाचे तीन करा.”

“तू काय केलंस? यादी तर पुसलीस नुसती.”

“बरोबर यादी पुसली.”

“अडीच,” साल्किन म्हणाली. ती रडत होती की हसत होती ते मला माझ्या ओल्या झालेल्या चष्म्यामुळे नीट दिसले नाही.

आझे वाकली. पेटीचा कोयंडा तिने स्वतःच उघडला, वरच्या डब्या बाजूला सारून तळातली एक बाहेर काढली आणि साल्किनच्या हातात दिली.

“ही उन्हाळ्यातली आहे,” ती म्हणाली. “लाव.”